'मी कोण?' विचारता, पण बसल्यावर नेमकं करता काय? आत्मविचार आणि ध्यानाची टप्प्याटप्प्याने पद्धत

ध्यानाला बसणारं कोणी भेटलं की मी एकच विचारतो, "बसल्यावर नेमकं काय करता?" उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक येतं. एक तर "मी कोण, मी कोण असं मनात म्हणत राहतो", नाहीतर "काही नाही हो, डोळे मिटले की अर्धा तास कुठे जातो कळतच नाही, एकदम शांत". पहिल्याचा जप चालू आहे आणि दुसऱ्याला बहुतेक डुलकी लागलीये. जप चांगलाच आणि झोप तर आपल्याला सगळ्यांनाच कमी पडते, पण ह्या दोन्हीला आत्मविचार, म्हणजे आपण 'मी' म्हणतो तो नक्की कोण ह्याचा आतून शोध, म्हणत नाहीत आणि वर्षानुवर्षं ह्यातच अडकून पडलेले लोक मी पाहिलेत.

मी स्वतः जवळजवळ दीड वर्ष झोपेला समाधी समजत होतो. पहाटे उठून बसायचो, पाच मिनिटांत सगळं गुडुप, टायमर वाजला की दचकून जाग यायची आणि दिवसभर मी मनातल्या मनात खूश. एकदा घरच्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला तेव्हा कळलं, मान छातीवर पडलेली, तोंड उघडं आणि सदऱ्यावर लाळेचा डाग. समाधीत लाळ गळते का ह्यावर आमच्या घरी अजूनही चर्चा होते.

तर खाली जे लिहिलंय त्यात कुठल्या क्रमाने काय करायचं आणि कुठे घसरतं एवढंच आहे. क्रम मोडू नका, कारण निम्म्या तक्रारी थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारल्यामुळे येतात.

बसण्याआधीची तयारी

आधी झोप. गीतेच्या सहाव्या अध्यायात (श्लोक १६-१७) साफ सांगितलंय की फार खाणाऱ्याला, अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला हे साधत नाही. आपण ह्यातलं 'फार झोपणाऱ्याला' तेवढं लक्षात ठेवतो. रात्री बारापर्यंत मोबाईल बघून ब्राह्ममुहूर्त म्हणून पहाटे चारला उठायचं आणि मग बसल्या बसल्या पेंगायचं. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाच्या साधारण ९६ मिनिटं आधीपासून पुढची ४८ मिनिटं, वेळ उत्तमच आहे, पण तुमची झोप तोवर पुरी होत असेल तरच. होत नसेल तर सकाळी सात वाजता ताजेतवाने बसलेलं केव्हाही चांगलं.

जेवणानंतर लगेच बसू नका, दोन-अडीच तास जाऊ द्या. जागा एकच ठेवा आणि वेळही शक्यतो एकच. टायमर लावायचा, पण आवाज हळू असलेला, आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून हाताला लागणार नाही एवढ्या लांब ठेवायचा, कारण फोन मांडीजवळ असला की अर्धं लक्ष तिकडेच.

आता वेदांतात ज्याला साधनचतुष्टय म्हणतात ते, म्हणजे विवेक, वैराग्य, शम-दम वगैरे सहा गुण आणि मोक्षाची ओढ. हे वाचून लोक एक तर घाबरतात ("एवढं आपल्यात कुठलं") किंवा सरळ पान उलटतात. मी ह्याचा रोजच्या वापरातला अर्थ असा लावतो: कोणाशी भांडण अर्धवट सोडून बसलात तर पुढची वीस मिनिटं ते भांडण पुरं करण्यात जाणार, त्यामुळे जे मिटवता येतं ते आधी मिटवा. आणि जे आत्ता मिटणारं नाही ते बसण्याआधी कागदावर उतरवा. दोन मिनिटं लागतात. "वीजबिल, बहिणीला फोन, साहेबांना उत्तर" एवढं लिहिलं तरी मन थोडं सुटतं, कारण विसरायची भीती जाते.

सावधान: डिप्रेशन, पॅनिक अटॅक किंवा मानसिक आजाराची ट्रीटमेंट चालू असेल, किंवा "मी खरा नाहीये, आजूबाजूचं सगळं खोटं वाटतंय" असं आधीपासूनच होत असेल, तर हा अभ्यास एकट्याने सुरू करू नका. डॉक्टरांशी बोला, गोळ्या मनाने बंद करू नका. 'मी'लाच तपासायला घेण्याआधी तो मी जरा बऱ्या अवस्थेत असावा लागतो.

टप्पा १: बसणं

पतंजलींनी आसनाची व्याख्या दोन शब्दांत केलीये, स्थिर आणि सुखाचं (योगसूत्र २.४६). पद्मासनच पाहिजे असं तिथे कुठेही नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला न टेकवता. खाली बसत असाल तर ढुंगणाखाली एवढी जाड घडी घ्या की गुडघे कमरेपेक्षा खाली जातील, म्हणजे पाठ आपोआप सरळ राहते आणि पायाला मुंग्या उशिरा येतात. हनुवटी किंचित आत. झोपून करायचं नाही, कितीही अनुभवी असलात तरी.

इथे एक चूक फार होते. गीतेत नाकाच्या शेंड्यावर नजर ठेवायला सांगितलंय म्हणून लोक डोळे तिरळे करून बसतात आणि मग कपाळ दुखतं. शंकराचार्यांनी भाष्यात ह्याचा खुलासा केलाय की नाकाचा शेंडा खरोखर बघायचा असा अर्थ नाही, नजर स्थिरावणं एवढंच अपेक्षित आहे, नाहीतर मन आत्म्याऐवजी नाकावरच बसेल! तेव्हा डोळे अलगद मिटा, किंवा झोप येत असेल तर अर्धवट उघडे ठेवून समोर खाली सोडा.

टप्पा २: श्वासाने मन जरा खाली आणणं (५ ते ७ मिनिटं)

श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही, फक्त सोडलेले श्वास मोजायचे. एक ते दहा, परत एक ते दहा, अशा तीन फेऱ्या. मध्येच हरवलात तर एकपासून सुरू. सोळा-सतरापर्यंत गेलात तर समजा मोजणी चालू होती आणि तुम्ही बाहेर गेला होतात :)

'मी कोण?' ह्या आत्मविचाराची शिकवण देणारे संत रमण महर्षी, त्यांचं म्हणणं असं की मन आणि श्वास एकाच ठिकाणाहून उठतात, म्हणून श्वास शांत झाला की मन शांत होतं, पण श्वास परत नेहमीसारखा चालू झाला की मनही परत मोकाट. म्हणजे हा ब्रेक आहे. ब्रेक दाबून गाडी थांबते, पण मुक्कामाला पोचत नाही. बरेच जण इथेच खूश होऊन थांबतात आणि रोज वीस मिनिटं श्वासच बघतात. तो वेगळा अभ्यास झाला, वाईट नाही, पण मग त्याला आत्मविचार म्हणू नका.

तपासा: तीन फेऱ्या न हरवता झाल्या का? दहा-बारा मिनिटं होऊनही होत नसेल तर आज पुढे जाऊच नका, श्वासच मोजा आणि उठा. विस्कटलेल्या मनाने 'मी कोण' विचारलं तर त्या गर्दीत आणखी एक आवाज वाढतो, बाकी काही होत नाही.

टप्पा ३: बघणारा आणि दिसणारं वेगळं करणं (३-४ मिनिटं)

वेदांतात ह्याला दृक्-दृश्य विवेक म्हणतात. दृक् म्हणजे बघणारा, दृश्य म्हणजे जे बघितलं जातं ते. नावाला घाबरू नका, करायला सोपं आहे.

समजा तुम्ही बसलाय आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी ड्रिल मशीन चालू केलं. आवाज कानाला ऐकू येतोय, म्हणजे आवाज दृश्य आणि कान बघणारा. पण सर्दी झाली की कान दडे बसल्यासारखे होतात हेही तुम्हाला कळतं, म्हणजे कानाची अवस्थाही कोणालातरी कळतेय, मनाला. आता मनात आलं "ह्यांना हीच वेळ मिळाली का" आणि चिडचिड सुरू झाली. चिडचिड आली तेही कळलं ना? मघाशी नव्हती, आता आहे, थोड्या वेळाने ओसरेल, हे सगळं कळतंय. म्हणजे मनसुद्धा दृश्यच झालं. ज्याला हे कळतंय तो मात्र कशाच्याही समोर येऊन उभा राहत नाही.

बस, एवढंच, एकदा सावकाश करायचं. आवाज, अंगातली संवेदना, मूड, विचार, एकेक घ्यायचं आणि बघायचं की हे कळतंय.

चूक कुठे होते? लोक 'नेति नेति'चं ('हे नाही, हे नाही') पाठांतर करतात. "मी देह नाही, मी मन नाही, मी बुद्धी नाही" असं घोकत बसायचं, आणि खाली गुडघा ठणकतोय त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. गुडघा दुखतोय तर दुखतोय. दुखणं नाकारायचं नाहीये, दुखणं *कळतंय* एवढं पाहायचंय. आणि खरंच असह्य झालं तर पाय हलवा की, कोणी मार्क कापणार नाही.

टप्पा ४: 'मी'ची जाणीव सापडणं

हा टप्पा पुस्तकांत एका ओळीत उरकतात आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण जो 'मी' कोण हे विचारायचंय तो 'मी' आधी हाताला तरी लागायला पाहिजे. नाहीतर प्रश्न हवेत.

हे करून बघा. डोळे मिटलेलेच ठेवा. मनात एकदाच, सावकाश म्हणा, "मी". शब्द संपला की लगेच दुसरं काही आणू नका. त्या शब्दाच्या मागे अर्धा-एक सेकंद काहीतरी उरतं, नाव नाही, चेहरा नाही, बाई की पुरुष नाही, वय नाही, नुसतं असणं. मग लगेच मन त्याला काहीतरी चिकटवतं, "मी म्हणजे थकलेला", "मी म्हणजे ध्यान करणारा". ते चिकटवण्याच्या आधीचं जे आहे ते. तीन-चार वेळा करा, दोन वेळांच्या मध्ये भरपूर जागा सोडा.

मुंबईतले अद्वैती संत निसर्गदत्त महाराज सांगायचे ते हेच, 'मी आहे' ह्या जाणिवेत राहा आणि तिच्यापुढे 'अमुक आहे, तमुक आहे' जोडू नका. ऐकायला किती साधं! पण बसून बघा म्हणजे कळेल जोडायची सवय किती जुनी आहे.

इथल्या नेहमीच्या चुका:

काहीतरी भारी शोधणं. उजेड, निळा ठिपका, कंपनं, कपाळावर दाब. ही जाणीव इतकी साधी आणि ओळखीची असते की "हे तर नेहमीचंच आहे" म्हणून लोक ती बाजूला सारतात आणि पुढे शोधायला लागतात. नेहमीचंच आहे, बरोबर, तेच पाहिजे. लहानपणी शाळेत नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणताना जी होती तीच. उंची बदलली, मतं बदलली, नंबरचा चष्मा आला, ती काही बदलली नाही.

दुसरी, शरीरात जागा शोधणं. रमण महर्षींनी हृदय छातीच्या उजवीकडे असल्याचं सांगितलंय, ते वाचून लोक तिथे लक्ष लावून बसतात आणि काही दिवसांनी "उजवीकडे गरम वाटतंय" असं सांगतात. लक्ष कुठेही लावलं की तिथे काहीतरी जाणवतंच, अंगठ्यावर लावून बघा. जाणवणारं ते दृश्य, तिसरा टप्पा आठवा.

टप्पा ५: प्रश्न विचारणं

आता प्रश्न. आधी एक नियम: विचार आला तर प्रश्न, विचार नसेल तर गप्प.

एक प्रसंग बघू. तुम्ही त्या साध्या असण्यात आहात, आणि विचार आला, "उद्याच्या मीटिंगला ती फाइल लागणार". आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तुम्ही फाइलबरोबर गेलात, मीटिंग झाली, कोण काय बोललं, तुम्ही काय सुनावलं, मग प्रमोशन, मग नवीन घर, आणि पाच मिनिटांनी जाग आली. दोन, फाइल आली तेव्हाच किंवा घरापर्यंत जाऊन आल्यावर, लक्षात आलं की विचार चालू आहे. त्या क्षणी विचारायचं: *हा विचार कोणाला आला?* आतून आपोआप येतं, *मला*. मग: *हा मी कोण?* आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, उत्तराची वाट न बघता जिथून 'मला' उठलं तिकडे बघायचं. एक-दोन सेकंद मोकळे मिळतात. मग परत काहीतरी येतं. परत तेच.

फाइलचा विचार चांगला की वाईट, तो का आला, आपण असे टेन्शन घेणारे का आहोत, ह्यात अजिबात शिरायचं नाही. "मी असा का आहे" हा वेगळा प्रश्न आहे, त्याची जागा कौन्सेलरकडे किंवा डायरीत. आत्मविचारात विचाराचा माल तपासत नाही, तो कोणाच्या नावावर आलाय तेवढं बघून त्या माणसाकडे वळतो.

मोठी चूक म्हणजे उत्तर देणं. "मी कोण?" – "मी आत्मा", "मी सच्चिदानंद", "अहं ब्रह्मास्मि". वाचलेलं असतं, त्यामुळे तोंडाशी तयारच असतं. पण हे उत्तरसुद्धा एक विचारच आहे ना, तेही कोणालातरी कळलं. तसं उत्तर आलं तर त्यालाही विचारा, हे कोणाला सुचलं? चार दिवसांत उत्तरं यायची थांबतात. महावाक्यं (उपनिषदांतली 'अहं ब्रह्मास्मि'सारखी वाक्यं) खोटी आहेत असं मी म्हणत नाहीये, त्यांची जागा श्रवण-मननात आहे, म्हणजे ऐकताना, वाचताना, शंका फेडताना. बसल्यावर ती पाटी बंद.

दुसरी मोठी चूक जपाची, वर सांगितलीच. रमण महर्षींनी ह्यासाठी चितेतल्या काठीचं उदाहरण दिलंय: चिता सारखी करायला जी काठी वापरतात ती शेवटी त्याच चितेत जळून जाते, तसा हा प्रश्न बाकीच्या विचारांना संपवून स्वतःही संपायचा आहे. काठी जपून घरी न्यायची नसते. आपण मात्र प्रश्नालाच धरून बसतो, श्वास घेताना 'मी', सोडताना 'कोण', छान लय लागते आणि त्या लयीत मस्त गुंगी येते.

आणि तिसरी, स्वतःवर ओरडणं. "परत भटकलो, दहा वर्षं झाली तरी असंच" वगैरे. हाही विचारच, आणि फार कामाचा विचार, कारण ह्यात 'मी' एकदम ठळक असतो. कोण भटकलं? मी. हा मी कोण? झालं, परत आलात की जागेवर. गीतेत सहाव्यात सव्विसावा श्लोक हेच सांगतो, जिथे जिथे चंचल मन पळेल तिथून तिथून परत आणावं. कितीदा ते सांगितलेलं नाही, रागवायला तर नाहीच नाही.

तपासा: उठल्यावर अंदाज घ्या, प्रश्न किती वेळा विचारला? माझा अनुभव असा की वीस मिनिटांत दहा-पंधरा वेळा होतो, वाईट दिवशी जास्त. शंभर-दोनशे वेळा झाला असेल तर तो जप झालाय. एकदाही झाला नसेल आणि "सगळं शांत होतं" असं वाटत असेल तर पुढचा टप्पा नीट वाचा.

टप्पा ६: प्रश्न सोडून राहणं, आणि इथले चार खड्डे

प्रश्नानंतरचे ते एक-दोन सेकंद हळूहळू पाच होतात, दहा होतात. तिथे काही करायचं नसतं. ध्यान 'लागतं' असं आपण मराठीत म्हणतो ते किती बरोबर आहे बघा, आपण करतो ते फक्त बसणं आणि वळणं, लागायचं ते आपोआप लागतं. पतंजली एका जागी मन बांधण्याला धारणा म्हणतात, तोच प्रवाह अखंड राहिला की ध्यान, आणि 'मी ध्यान करतोय' हेही मागे पडून फक्त तेवढंच उरलं की समाधी (३.१ ते ३.३). तीन वेगवेगळ्या क्रिया नाहीत त्या, एकच गोष्ट घट्ट होत जाते. त्यामुळे "मी आता धारणेत आहे की ध्यानात" असं मधूनमधून मोजू नका, मोजायला लागलात की बाहेर आलातच.

वेदांताच्या ग्रंथांत इथले चार अडथळे नावानिशी सांगितलेत आणि शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद, त्यांच्या कारिकांत (माण्डूक्य उपनिषदावरचे श्लोक, तिसरं प्रकरण) त्यावर उपायही आहेत. मला वाटतं अख्ख्या विषयात ह्याच्याइतकं प्रॅक्टिकल दुसरं काही नाही.

लय, म्हणजे झोपेकडे घसरणं. उपाय: मनाला जागं करा. ओळखायचं कसं? मान हळूहळू पुढे येते आणि झटक्याने मागे जाते. खालचा जबडा सुटतो. विचारांऐवजी तुटक चित्रं दिसायला लागतात, कसलाच कशाला संबंध नसलेली, स्वप्नाच्या दारातली. टायमरच्या आवाजाने दचकता. उठल्यावर जड वाटतं किंवा मधला वेळ कापून टाकल्यासारखा असतो. असं असेल तर डोळे उघडा, पाठ सरळ करा, दोन-चार खोल श्वास घ्या, तरी नाही तर उभे राहा आणि पाच मिनिटं चालून परत बसा. आणि रात्री लवकर झोपा!

रमण महर्षी ह्यावर एका योग्याची गोष्ट सांगायचे. गंगेच्या काठी तप करणारा योगी समाधीतून जागा झाला, तहान लागली म्हणून शिष्याला पाणी आणायला सांगितलं, आणि शिष्य यायच्या आत परत समाधीत गेला. ती समाधी शेकडो वर्षं टिकली. जागा झाल्यावर पहिला शब्द काय, तर "पाणी!" मन गोठलं होतं, गेलं नव्हतं, जिथे थांबलं तिथूनच परत सुरू झालं. ह्याला ते मनोलय (मन तात्पुरतं थांबणं) म्हणायचे आणि मनोनाशापासून (मन कायमचं संपणं) वेगळा काढायचे. आपली अर्ध्या तासाची 'शांती' तपासायला ही गोष्ट फार चांगली आहे: उठल्या उठल्या तीच चिडचिड, तोच धागा, तिथूनच पुढे सुरू होतो का?

मग खऱ्या निर्विकल्प समाधीत (जिथे कुठलाच विचार उरत नाही) आणि गाढ झोपेत फरक काय, दोन्हीकडे काही दिसत नाहीच की? ह्यावर मिठाचा दाखला देतात. पाण्यात मीठ विरघळलं की वेगळं दिसत नाही, पण असतं. तसं त्या अवस्थेत ब्रह्माकार वृत्ती, म्हणजे ब्रह्माशी एकरूप झालेलं मन, वेगळी जाणवत नाही पण असते, झोपेत ती नसतेच. आपल्यासारख्यांसाठी सोपी खूण: जाणीव लख्ख होती आणि तिच्यात काही नव्हतं, की जाणीवच मंद झाली होती? प्रामाणिक उत्तर आपलं आपल्याला माहीत असतं.

विक्षेप, म्हणजे भटकणं. ह्याचा उपाय पाचवा टप्पा. फारच झालं तर दुसऱ्या टप्प्यावर परत या, त्यात कमीपणा नाही.

कषाय हा लपलेला आणि म्हणून चिवट. झोप नाही, विचारही फारसे नाहीत, पण मन आत जात नाही, लाकडासारखं अडून बसतं. आत जुनी ओढ किंवा जुना राग तळाला बसलेला असतो आणि तो विचाराच्या रूपात वरही येत नाही. इथे गौडपाद सांगतात, फक्त ओळखा की हे सकषाय आहे. जोर लावायचा नाही. मला असं सलग आठवडाभर झालं की मी समजून जातो, कुठेतरी काहीतरी टाळतोय, आणि बहुतेक वेळा तो एखादा न केलेला फोन असतो.

रसास्वाद, म्हणजे गोडी चाखत बसणं. अंग हलकं, डोळ्यांत पाणी, आनंदाची लाट. आली तर येऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी तीच लाट शोधायला बसलात की अभ्यास संपला, वसुली सुरू झाली. आनंदालाही तोच प्रश्न: हा कोणाला होतोय?

आणि कारिकेतलं एक सांगणं मी कायम लक्षात ठेवतो: मन समस्थितीला आलं की हलवू नका. सगळं नीट चालू असताना "आता प्रश्न विचारू का", "श्वास बघू का" असं खाजवायची सवय फार जणांना असते. भाताला वाफ धरली असताना दर मिनिटाला झाकण उघडून बघतात ना, तसं.

टप्पा ७: उठणं

टायमर वाजल्यावर ताडकन उठू नका. दोन मिनिटं तसंच, मग हातापायाची बोटं हलवा, मग डोळे. उठून लगेच फोन बघायचा नाही, निदान दहा मिनिटं. घेरी येत असेल तर जमिनीवर हात टेकून बसूनच राहा.

टप्पा ८: बाकीचे तेवीस तास

सकाळी वीस मिनिटं 'मी कोण' आणि दिवसभर 'मी म्हणजे कोण समजलात' असं चाललं तर हिशोब जुळत नाही. दिवसात दोन-तीनदाच, पण मोक्याच्या वेळी करा: कोणी टाकून बोललं, कोणी कौतुक केलं, लिफ्ट समोरून निघून गेली. टोचलं ना, की फुगलात? कोणाला टोचलं? दोन सेकंद. समोरच्याला कळणारही नाही. पण ह्याचा वापर भावना दाबायला करू नका, आणि घरात कोणी रडत असताना "हे दुःख कोणाला होतंय ते बघ" हे ज्ञान तर कधीच पाजळू नका. त्या वेळी पाणी द्या, शेजारी बसा.

गाडी चालवताना, रस्ता ओलांडताना, गॅसजवळ, मशीनवर, तिथे हा अभ्यास नाही.

किती वेळ, किती दिवस

पहिला महिना वीस मिनिटं, दिवसातून एकदा. त्यातली पाच-सात श्वासाची, तीन-चार दृक्-दृश्यची, उरलेली पुढची. महिन्याने तिसरा टप्पा आपोआप एका मिनिटावर येतो. मग वेळ तीस मिनिटांवर न्या, पाहिजे तर संध्याकाळी आणखी पंधरा. पहिल्याच रविवारी उत्साहाने तीन तास बसायचं आणि मग दोन आठवडे सुट्टी, असं करू नका. योगसूत्रात अभ्यास दृढ व्हायला तीनच गोष्टी सांगितल्यात, दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने (१.१४). पहिली आपल्या हातात नाही, दुसऱ्या दोन आहेत.

"रमण महर्षींना तर १८९६ मध्ये सोळाव्या वर्षी काही मिनिटांत आत्मज्ञान झालं" असं मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ऐकवतं. हो, झालं. आणि त्यानंतर ते घर सोडून तमिळनाडूतल्या अरुणाचल डोंगरापाशी गेले आणि कित्येक वर्षं जवळजवळ मौनात बसून राहिले, ती वर्षं कोणी ऐकवत नाही.

इष्टदेवतेचा जप चालू असेल तर बंद करू नका. आधी जप करा, मग हे. जप करताना मध्येच "जप कोण करतंय" एवढं पाहिलं तरी तो इकडेच वळतो. फक्त दोन्ही एकाच वेळी कालवू नका. आणि चार पद्धती चार व्हिडिओंतून उचलून एका बैठकीत बसवू नका, तीन महिने एकच धरा.

शेवटचं, वही. उठल्यावर तीन ओळी, जास्त नाही: झोप आली का, प्रश्न साधारण किती वेळा झाला, उठल्यावर अंग हलकं की जड. अनुभवांची वर्णनं लिहू नका, "आज निळा प्रकाश दिसला" असं एकदा लिहिलं की उद्या निळाच शोधाल. महिन्याने पानं चाळली की खड्डा कुठला ते स्वच्छ दिसतं, माझ्या वहीत पहिल्या चाळीस दिवसांत 'जड' हा शब्द एकतीस वेळा आहे. तेव्हा मी सकाळी उशिरा बसायला लागलो आणि तो शब्द कमी झाला.